घड्याळ मागे पडण्याचं कारण

माझ्या लॅपटॉपचं घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा मी पहिला संशय लॅपटॉपवर घेतला. जो उलटून बोलू शकत नाही त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, ही आमच्या ऑफिसची शिकवण आहे. मी विमा कंपनीत आगीच्या दाव्यांचं काम बघते. दुकान जळालं, गोदाम जळालं, की त्याचे कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर येतात. बाबा आयुष्यभर अग्निशमन दलात होते. त्यांनी आगी विझवल्या, मी त्यांच्या फायली लावते. घरात आम्ही दोघंच.

दिवसा उरलेलं काम मी संध्याकाळी घरून करते. त्यासाठी ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरावं लागतं आणि ती सिस्टिम भलती शिस्तीची आहे. घड्याळ चुकलेलं दिसलं की ‘तुमच्या यंत्राची वेळ जुळत नाही’ असं सांगून तोंडावर दार लावते. साहेब रोज अर्धा तास उशिरा येतात त्यांना आत घेते, मला नाही.

तर रोज संध्याकाळी घरी यायचं, लॅपटॉप उघडायचा, तो दोन-एक तास मागे असायचा. मी वेळ लावायची, काम करायची, झोपायची. सकाळी बघावं तर बरोबर. संध्याकाळी पुन्हा मागे. पंधरा दिवस हे चाललं आणि माझं डोकं फिरलं.

जगात सांगितलेले सगळे उपाय मी केले. आपण कुठल्या देशात राहतो ते लॅपटॉपला नीट माहीत आहे का ते पाहिलं. माहीत होतं. ‘वेळ आपोआप लावा’ हे बटण चालू होतं. ते बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढ्यापुरती वेळ जुळली, पण रोज उठून जुळवायचं काम काही तो मनावर घेईना. आठवड्यातून एकदा, मर्जी झाली की करायचा. व्हायरस शोधला. सबंध संध्याकाळ त्यात गेली, सापडला काहीच नाही आणि तेवढा वेळ घड्याळ मात्र सुतासारखं सरळ चाललं. ऑफिसात एकानं सल्ला दिला, ‘फॉरमॅट मार.’ हा माणूस प्रत्येक दुखण्यावर हेच सांगतो. त्याच्या बायकोनं एकदा पाठ दुखते म्हणून सांगितलं असेल तर तिलाही सांगितलं असेल.

बाबांनीही मनापासून मदत केली. विजेवर चालणारी वस्तू बिघडली की त्यांना हुरूप येतो. त्यांनी चार्जरची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमटीतून फिरवून पाहिली, प्लगचा वास घेतला, भिंतीला हात लावला.

“गरम नाही,” ते म्हणाले.

“बाबा, मी घड्याळाचं म्हणतेय.”

“आधी आगीची शक्यता काढून टाकायची. मग बाकीचं.”

घरात कुठल्याही प्रश्नाची सुरुवात आम्ही इथूनच करतो. आमच्याकडे आणखी एक नियम आहे आणि तो माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. घरातला शेवटचा माणूस बाहेर पडला की मेन स्विच बंद. मग दोन दिवसांसाठी जायचं असो की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असो. रिकाम्या घरात वीज ठेवणं म्हणजे चूल पेटती ठेवून जाणं, असं बाबा म्हणतात आणि त्यांनी जे पाहिलंय ते पाहिलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. लहानपणी लग्नाकार्याहून परत आलो की दादा आणि मी अंधारात दाराशी उभे राहायचो. बाबा खिळ्याला टांगलेली बॅटरी चाचपत आत जायचे आणि एकदम सगळं घर उजळायचं. घरात कुणी आहे की नाही हे शेजाऱ्यांना आमच्या फ्रिजच्या आवाजावरून कळायचं. गल्लीतली पोरं बाबांना बंबकाका म्हणतात. त्यांना ते आवडतं.

शेवटी मी लॅपटॉप ज्याच्याकडून जुना म्हणून घेतला होता त्याच्याकडेच नेला. लॅपटॉपवाला बोलायला तरबेज आहे. त्याच्या दुकानातली कुठलीही वस्तू बिघडत नाही, गिऱ्हाईक ती बिघडवतं, असं त्याचं मत आहे. त्यानं चार दिवस ठेवून घेतला आणि मग फोन केला.

“मॅडम, घेऊन जा. सेकंदाचा फरक नाही.”

घरी आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दोन तास मागे. आईच्या कडेवर आजारी आणि डॉक्टरसमोर ठणठणीत अशी पोरं असतात, त्यातलाच हा प्रकार. मी तशीच परत गेले आणि लॅपटॉप त्याच्या काउंटरवर जरा जोरातच ठेवला.

“तुमच्या घरातच काहीतरी आहे,” तो म्हणाला.

“काय आहे?”

“ते तुम्हाला माहीत. माझ्याकडे बरोबर चालतो.”

मी हलत नाही म्हटल्यावर त्यानं नाइलाजानं तो खोलला. मोठी बॅटरी फुगली म्हणून त्यानंच मागे काढून टाकली होती, त्यामुळे लॅपटॉप वायर लावूनच चालायचा. आत आणखी एक छोटा सेल असतो, बटणाएवढा. तो फक्त घड्याळासाठी. लॅपटॉपवाल्यानं त्याला मीटरच्या सुया टोचल्या आणि आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं असा चेहरा केला.

“सेल म्हातारा झालाय. वेळ लक्षात ठेवण्याइतका जीव आहे त्याच्यात, पुढे चालण्याइतका नाही. भिंतीतून वीज येतेय तोवर ठीक. वीज गेली की घड्याळ जिथं असेल तिथं उभं राहणार. आली की तिथूनच पुढे चालायला लागणार.”

“आमच्याकडे वीज जात नाही.”

“मग कुणीतरी बंद करतंय.”

“घरी फक्त बाबा असतात.”

“मग बाबा,” तो म्हणाला. या मॉडेलचा सेल वायरवाला असतो, मागवावा लागेल, आला की कळवतो, असं सांगून त्यानं लॅपटॉप पुन्हा स्क्रू लावून माझ्याकडे सरकवला.

मी घरी आले आणि प्लगच्या बटणावर चिकटपट्टी लावली, म्हणजे कुणाचा चुकून धक्का लागायला नको. बाबांनी ती पाहिली, तिरकी लागलीय म्हणाले आणि काढून सरळ लावली. दुसऱ्या दिवशी पट्टी जागच्या जागी होती आणि घड्याळ दोन तास मागे.

रविवारी मी दिवसभर घरी होते. घड्याळ बरोबर. मधे एक सुट्टी आली, तेव्हाही बरोबर. मी असले की शहाणं, मी गेले की वांड. त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावरून आले, उकडत होतं म्हणून सरबत करायला फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढला. सकाळी बर्फाचे सुटे खडे होते. आता सगळा मिळून एकच ठोकळा झाला होता, वितळून पुन्हा गोठलेला. मी तो नळाखाली धरला आणि पाणी वाहू दिलं. मधे कधीतरी फ्रिज बंद होता. लॅपटॉप बंद होता. चिकटपट्टी जागेवर होती. म्हणजे सगळं घरच बंद होतं. आणि आमच्या घरी मेन एकाच कारणासाठी बंद होतो.

बाबा बाहेर जात होते. एकटे. रोज.

यात इतकं काय, असं कुणालाही वाटेल. पण उन्हाळ्यात बाबा भर रस्त्यात चक्कर येऊन पडले होते. एका अनोळखी बाईनं त्यांना आपल्या ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं, रिक्षात घालून घरी आणलं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सांगितलं, एकट्यानं बाहेर पडायचं नाही. दादा दुसऱ्या शहरात असतो, तो त्याच रात्री निघाला आणि सकाळी दारात हजर. त्यानं बाबांना बरोबर न्यायचंच ठरवलं होतं. मी भांडले. शेवटी तोड निघाली ती अशी, की बाबा घराबाहेर एकटे पडणार नाहीत, आणि एकदा जरी पडले तरी दादा येऊन घेऊन जाणार. बाबांनी शब्द दिला.

दादाचं घर चांगलं आहे. वहिनी माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करते. पण ते चौदाव्या मजल्यावर आहे. बाबा एकदाच तिथे राहिले, दोन रात्री, आणि दोन्ही रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसले. “आमची शिडी इथवर पोचत नाही,” ते मला परत आल्यावर म्हणाले. “जिथं शिडी पोचत नाही तिथं मला झोप लागत नाही.” तिथे त्यांचं काय होईल हे मला दिसत होतं. आणि आता हा माणूस शब्द मोडून रोज भटकत होता. मला इतका राग आला की सरबतात साखरेऐवजी मीठच दोनदा पडलं. बाबांनी ते पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा डबा घेऊन निघाले, ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि दुपारी आमच्या समोरच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदारानं काय हवं विचारलं. मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. मग आणखी काय म्हणून विचारलं, तेव्हा पट्टी मागितली. माझी कापूस घेण्यापर्यंत मजल गेली तेव्हा बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि निघाले.

मी मागे मागे. बाबा सावलीच्या बाजूनं, भिंत हाताशी ठेवून, सावकाश चालत होते. वळणावर शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या बाकावर ते बसले. शिंप्यानं मान वर न करता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, म्हणजे हे रोजचं होतं. मग उठले आणि मी रोज जाते त्याच रस्त्याला लागले. मला वाटलं, मला भेटायला निघालेत, काहीतरी सांगायचंय, आणि आज नेमकी मी जागेवर नाही.

पण ते ऑफिसच्या पुढच्या दाराशी गेलेच नाहीत. बाजूच्या बोळातून मागे वळले, जिथे कचऱ्याचे डबे असतात आणि मागच्या जिन्याचं लोखंडी दार आहे. मी डब्यांच्या आड उभी राहिले. विमा कंपनीत इतकी वर्षं काढून हे दिवस.

आमचा वॉचमन स्टुलावरून उठला.

“या, बंबकाका.”

“कुलूप?”

“काढलंय. सकाळीच काढलं.”

“दाखव.”

वॉचमननं दार ढकललं. ते करकरत उघडलं. बाबांनी ते मिटवलं आणि स्वतः पुन्हा उघडून पाहिलं.

“काका, साहेब परवा ओरडले. म्हणाले, दार उघडं ठेवतोस, चोर शिरतील.”

“चोर शिरला तर एक शिरेल. आग लागली तर वर माणसं किती आहेत?”

बाबा आत गेले. कठड्याला धरून पहिल्या वळणापर्यंत चढले, तिथून त्यांचा आवाज आला, “ही खोकी कुणाची?”

“स्टेशनरीवाल्यानं ठेवलीत.”

“जिन्यात खोकी नकोत. धर त्या बाजूनं.”

दोघांनी मिळून खोकी खाली आणली. बाबांनी रुमालानं मान पुसली.

“माझी पोरगी तिसऱ्या मजल्यावर बसते,” ते म्हणाले. “खिडकीपासून लांब. तिला हाच जिना जवळ.”

“माहितीय की, काका. रोज सांगता.”

“आणि तिला सांगू नकोस हां, मी येतो म्हणून. तिला वाटेल, बाप लुडबुड करतो.”

मग मला आठवलं. कधीतरी जेवताना मीच सांगितलं होतं, की आवारातून कुणाची तरी सायकल चोरीला गेली म्हणून हल्ली मागच्या दाराला कुलूप असतं. आगीचा विमा काढणाऱ्या कंपनीचं आगीचं दार बंद, यावर मी हसले होते. बाबा हसले नव्हते. त्यांनी आणखी भात वाढून घेतला होता एवढंच.

मी रिक्षा करून त्यांच्या आधी घरी पोचले. मेन बंद होता. मी तो लावला नाही. अंधाऱ्या, गप्प घरात खुर्चीवर बसून राहिले. फ्रिज बंद असला की आमचं घर कुणा दुसऱ्याचं वाटतं.

बऱ्याच वेळानं कुलूप वाजलं. बाबा आत आले, न बघता हात वर करून मेन लावला. पंखा फिरला, फ्रिज थरथरून सुरू झाला, लॅपटॉपचा दिवा लागला, आणि समोर मी.

“आज लवकर?” त्यांनी विचारलं.

“कुठे गेला होता?”

“जरा हवा खायला.”

“हवा खायला बुटांना पॉलिश?”

त्यांनी बुटांकडे पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, घड्याळाचं, सेलचं, बर्फाचं, डब्यांच्या आड उभं राहिल्याचं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, पण सेलचा भाग आला तशी ती हळूहळू वर आली.

“म्हणजे मेन पाडला की ते थांबतं?”

“हो.”

“आणि मेन लावला की तिथून पुढे?”

“हो.”

“म्हणजे इतके दिवस आपण दोघं ज्याला शोधत होतो तो मीच?” त्यांना पकडले गेल्याचं तेवढं वाटलं नाही, जेवढं बिघाडाचं कारण आपल्याला सापडलं नाही याचं वाटलं.

“बाबा, एक दिवस मेन चालू ठेवून गेला असता तर मला जन्मात कळलं नसतं.”

“मेन चालू ठेवून? घराबाहेर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शेजारच्या घरात चोरी करायला सांगत होते.

मला हसू येत होतं आणि रडू येत होतं. बाप मेला असता रस्त्यात, माझ्या जिन्यासाठी. हे मी त्यांना मोठ्यानं सांगितलंही. ते म्हणाले, शिंप्याकडे बसतो, सावलीनं जातो, गोळी घेऊनच निघतो. आणि मग जरा थांबून म्हणाले, “तुझ्या दादाला कळवणार?”

त्या संध्याकाळी दादाचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. बाबा माझ्या शेजारी हात जोडून बसावं तसे बसले होते.

“बाबा बाहेर पडत नाहीत ना?” दादानं विचारलं.

“घरीच असतात,” मी म्हटलं. हेच उत्तर मी आजवर दर वेळी देत आले होते. खोटं मात्र आज पहिल्यांदाच बोलत होते.

“तुझा आवाज असा का येतोय? लॅपटॉप जुना झालाय तो. मी नवा पाठवतो.”

“नको,” मी आणि बाबा एकदम म्हणालो.

आठवड्यानं लॅपटॉपवाल्याचा फोन आला, सेल आलाय म्हणून. मी जाऊन सांगितलं, राहू दे.

“अहो, घड्याळ मागे पडेल!”

“पडू दे.”

“लोक मला नावं ठेवतील. लॅपटॉप माझ्या दुकानातला आहे.”

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हटलं. त्यानं सेल परत डबीत टाकला.

तेव्हापासून घरी आले की मी चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप उघडते. दोन तास मागे असलं की बाबा गेले आणि आले. शिंप्याकडे जरा गप्पा रंगल्या की थोडं जास्त. साहेबांनी जिन्यात नवं कपाट ठेवलं त्या दिवशी जवळजवळ तीन तास. मी वेळ बरोबर करते आणि कामाला बसते. बाबांना मी काही विचारत नाही, तेही काही सांगत नाहीत. दादाशी मी सराईतासारखं खोटं बोलते. हे बरोबर की चूक ते मला माहीत नाही. कधी अनोळखी नंबरवरून फोन आला की पहिल्या रिंगलाच उचलते, तेवढं आहे.

परवा घरी आले, लॅपटॉप उघडला, तर वेळ बरोबर. अगदी मिनिटाला मिनिट. किती दिवस हेच व्हावं म्हणून मी धडपडत होते, आणि आता ते बघून मी तशीच चपलेसकट आत धावले. बाबा आत पलंगावर होते. भर संध्याकाळी.

“पाय जरा भरून आलेत,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “आज नाही जमलं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या दाराशी गेले. वॉचमन स्टुलावरून उठला.

“कुलूप?” मी म्हटलं.

“काढतो, ताई,” तो ओशाळून म्हणाला. एका दिवसात लागलं होतं.

मी दार ढकलून पाहिलं. जिना चढून गेले. पहिल्या वळणावर एक खोकं होतं, ते हलवलं. संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या पलंगाशी बसले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच ऐकून घेतलं.

“खोकं कुठे ठेवलंस?”

“बाजूला.”

“बाजूला म्हणजे?”

“कोपऱ्यात.”

“जिन्याच्याच ना?”

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मी त्यांना पेज भरवली, गोळी दिली, दिवा मालवला.

काल मला दुपारी खाली जायला जमलंच नाही, साहेबांनी मीटिंगमध्ये बसवून ठेवलं. संध्याकाळी घरी आले. बाबा पलंगावर पडून होते, पांघरूण गळ्यापर्यंत. मी लॅपटॉप उघडला. घड्याळ साडेतीन तास मागे होतं. मग वेळ बरोबर केली, डोळे पुसले आणि एका जळालेल्या गोदामाची फाइल उघडली.